वर्तुळाचे वाटे



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी एखाद्या संपाविषयी किंवा नव्या कामगार कायद्यांविषयी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. पंचवीस-तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे, त्यामुळे त्यात त्यांची चूक नव्हती. वर्तुळाचे भाग कसे पाडतात आणि ते कसे वाचतात या विद्येचा इतिहास सांगणार आहे, असे मी म्हणालो तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले व मग म्हणाले, "लोक येतील ना?" आपण आलात, याबद्दल मी आभारी आहे. मी शाळेत दहावीपर्यंत शिकलो, पुढे आयटीआय केले. या विषयातले जे काही मला कळते ते एका चौकशीत फजिती झाल्यामुळे कळते. म्हणून आधी ती फजिती सांगतो.

१९९८ सालची गोष्ट. भोसरीच्या बाजूला एक कारखाना होता. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे मिलिंग यंत्रावर काम करणाऱ्या आमच्या एका सभासदाला आरोपपत्र मिळाले. गिअरपेटीच्या कवचांना त्याने पाडलेली भोके ठरल्या जागेपासून तीन शतांश मिलिमीटर सरकलेली निघाली आणि सगळे नग बाद झाले. यंत्रावर नुकताच अंकदर्शक बसविलेला होता. कामगार त्याला डीआरओ म्हणतात. टेबलाला समांतर एक काचेची पट्टी असते, तिच्यावर बारीक रेषा असतात, प्रकाशाच्या साह्याने त्या रेषा मोजल्या जातात आणि टेबल कोठे आहे ते लाल अंकांत मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत दिसते. व्यवस्थापनाचे म्हणणे सरळ होते. यंत्र एक हजारांश दाखविते, चूक तीस हजारांशांची आहे, तेव्हा ती चूक माणसाचीच. आरोपपत्रात शब्द होता 'हलगर्जीपणा'.

मी तिशीच्या आतला, रक्त गरम. चौकशीत उठलो आणि ठणकावून सांगितले की, हा अंकदर्शकच खोटा आहे. त्यावर यंत्र पुरविणाऱ्यांच्या माणसाने टेबलाला डायल लावला, टेबल दहा वेळा लांब नेले आणि दहा वेळा त्याच अंकावर परत आणले. डायलचा काटा दहाही वेळा त्याच घरावर येऊन थांबला. चौकशी अधिकारी माझ्याकडे पाहून हसले. माझ्यामागे उभा असलेला तो कामगार मात्र हसला नाही. त्याची अकरा वर्षांची नोकरी माझ्या त्या एका वाक्यावर टांगलेली होती.

त्या संध्याकाळी आमच्यातल्या एका जुन्या फिटरने मला चहा पाजला आणि विचारले, "तुझ्या घरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे असले, तर ते रोज किती पुढे असते?" मी म्हटले, पाचच मिनिटे. "मग ते बरोबर आहे का?" मी निरुत्तर झालो. तेथून माझे वाचन सुरू झाले. मापाच्या बाबतीत तीन निरनिराळे गुण असतात हे मला प्रथम कळले. किती बारीक वाचता येते तो एक, पुनःपुन्हा तेच वाचन येते की नाही तो दुसरा, आणि ते वाचन खरे आहे की नाही हा तिसरा. मी पहिल्यांना बारकाई आणि एकसारखेपणा म्हणतो, तिसऱ्याला अचूकता. पहिले दोन असूनही तिसरा नसेल, तर दोष कोणाच्या माथी मारायचा हा प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या धंद्याचा संबंध तेथे येतो.

हे भांडण किती जुने आहे ते जयपूरला जाऊन पाहावे. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दगडाचुन्याची प्रचंड यंत्रे बांधली. पितळी यंत्रे लहान असतात, त्यांच्यावर बारीक खुणा करता येत नाहीत, त्यांचे कणे झिजतात, असा त्याचा विचार होता. आणि तो चुकीचा नव्हता. जयपूरच्या मोठ्या सम्राट यंत्राची उंची सुमारे २७ मीटर आहे आणि त्याच्या कमानीवर काळाच्या दोन सेकंदांपर्यंत खुणा आहेत. सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते, ती डोळ्यांनी सरकताना दिसते. बारकाईच्या दृष्टीने याहून काय हवे? पण सूर्य हा बिंदू नाही, ती अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे पंधरा मीटरांवर पडणाऱ्या सावलीची कड धारदार राहत नाही. सुमारे चौदा सेंटिमीटरांच्या पट्ट्यात ती विरत जाते. चतुर निरीक्षक त्या पट्ट्याचा मध्य ताडू शकतो, हे खरे. तरीही दोन सेकंदांच्या खुणा आणि दोन मिनिटांची अंधुक कड यांचा मेळ बसविणे अवघडच. यंत्र मोठे केले म्हणून सूर्य लहान होत नाही. जयसिंहाची उज्जैनची वेधशाळा पुढे मोडकळीस आली. तिचा जीर्णोद्धार ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने १९२३ साली झाला आणि तेथले काम गोविंद सदाशिव आपटे यांनी पाहिले. आपल्या लोकांनी एवढे तरी केले, हे नमूद करून पुढे जातो.

युरोपात वाट उलटी होती. यंत्र लहान करावयाचे आणि खुणा अधिक चांगल्या करावयाच्या. १६३१ साली पियेर व्हर्नियेने एका मापपट्टीशेजारी दुसरी सरकती पट्टी ठेवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. आज पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक टर्नरच्या खिशात त्या फ्रेंच गृहस्थाचे नाव आहे. 'व्हर्नियर दे' असे म्हणताना आपण एका माणसाला हाक मारतो आहोत हे कोणाच्या ध्यानातही नसते. पण मूळ खुणाच वाकड्या असल्या, तर व्हर्नियर काय करणार? अंशाचे भाग कंपासाने आणि हाताने पाडले जात. ते काम करणारे कारागीर थोडे होते आणि आपली रीत ते कोणाला सांगत नसत.

येथे जेसी रॅम्सडेनचा प्रवेश होतो. हा यॉर्कशरचा मुलगा, हॅलिफॅक्स येथे कापडाच्या कामाची उमेदवारी केलेला. तेविशीत त्याने लंडनला जाऊन मापयंत्रे करणाऱ्याकडे पुन्हा पहिल्यापासून उमेदवारी धरली. त्याने १७७० च्या दशकात असे यंत्र बनविले की, हाताने भाग पाडण्याची गरजच उरली नाही. एक मोठे चाक, त्याच्या कडेला २,१६० दाते आणि त्यांत बसणारा एक स्क्रू. स्क्रूचा एक फेरा म्हणजे चाक दहा कला पुढे. सहा फेरे म्हणजे एक अंश. (अंशाचा साठावा भाग कला आणि कलेचा साठावा भाग विकला, हे आपले जुने शब्द ज्योतिषाकडून आले आहेत आणि मला ते आवडतात.) चाकाच्या दात्यांत बारीकसारीक फरक असला, तरी स्क्रू एका वेळी अनेक दात्यांना भिडत असल्यामुळे तो फरक वाटला जातो.

ब्रिटिश सरकारच्या रेखांश मंडळाने रॅम्सडेनला एकंदर ६१५ पौंड दिले. मला त्या करारातल्या अटी फार मोलाच्या वाटतात. यंत्राचे संपूर्ण वर्णन छापून प्रसिद्ध करावयाचे. ते १७७७ साली झाले. इतर कारागिरांना ते शिकवावयाचे आणि ठरावीक दराने त्यांची उपकरणे विभागून द्यावयाची. कारागिराचे गुपित सरकारने पैसे मोजून विकत घेतले आणि सर्वांना खुले केले. आज एखाद्या कंपनीच्या अंकदर्शकाच्या आत गणित कसे चालते हे विचारायला जा, म्हणजे अडीचशे वर्षांत आपण कोणत्या दिशेला चाललो आहोत ते कळेल.

आता आपल्याकडे. वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट येथे विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. दक्षिणेच्या टोकापासून हिंदुस्थानची त्रिकोणमितीने मोजणी करीत तो उत्तरेकडे निघाला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याचा थिओडोलाइट लंडनच्या केरीने बनविलेला, अर्ध्या टनाचा, तीन फूट व्यासाच्या वर्तुळाचा होता. तीन फुटांच्या वर्तुळावर एक विकला म्हणजे किती? हिशेब करून पाहिला तर मिलिमीटरच्या दोन-सव्वादोन हजारांश. एवढ्या अंतरावर नजर ठेवून हे लोक जंगलातून आणि तापातून हिंडत होते.

१८०८ साली तंजावरच्या देवळाच्या उंच शिखरावर तो थिओडोलाइट चढविताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि वर्तुळ वाकले. लॅम्ब्टन तंबूत जाऊन बसला आणि सहा आठवडे पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून ते वर्तुळ त्याने केसाकेसाने पूर्ववत् केले. ही गोष्ट बहुतेक पुस्तकांत आहे. त्या दिवशी दोर कोणी धरला होता, त्यांची नावे पुस्तकांत नाहीत.

एक नाव मात्र आहे, आणि ते आपण लक्षात ठेवावे असे मला वाटते: अर्काटचा सय्यद मीर मोहसीन हुसेन. मद्रासेकडचा हा कारागीर. त्याचा हात पाहून सर्व्हेयर जनरल ब्लॅकर याने त्याला कलकत्त्यास आणले. पुढे जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात मोजणीखात्याची उपकरणे दुरुस्त करणे आणि नव्याने बांधणे हे काम लंडनहून आणलेल्या बॅरो नावाच्या कारागिराकडे होते. तो गेल्यावर ते मोहसीनने सांभाळले. एव्हरेस्ट हा तोंडाचा फार तिखट माणूस, पण मोहसीनची स्तुती त्याने हातचे न राखता केली आहे. जगातल्या सर्वांत उंच शिखराला नाव मिळाले ते मात्र साहेबाचे.

वाकलेल्या किंवा आडव्या बसलेल्या वर्तुळावरून खरे माप कसे काढीत, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण तीच युक्ती आजच्या काचेच्या चकतीत आहे. वर्तुळ आसाच्या मध्यावर तंतोतंत बसविणे माणसाला जमत नाही. चकतीची त्रिज्या ५० मिलिमीटर असेल आणि मध्य अवघा एक हजारांश मिलिमीटर चुकला असेल, तर वाचन चार विकलांपर्यंत चुकते. आणि आपला एक केस सत्तर हजारांशांच्या आसपास जाड असतो. पण एका बाजूला वाचन जितके जास्त येते, बरोबर समोरच्या बाजूला तितकेच कमी येते. म्हणून समोरासमोर दोन सूक्ष्मदर्शक लावायचे आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. मध्याची चूक आपोआप उडते. दोहोंऐवजी चार-पाच लावले तर खुणांच्या चुकाही बऱ्याच पुसल्या जातात.

आणखी एक गोष्ट. मीटर खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी बाहेरचा प्रमाण मीटर लागतो. वर्तुळाला तशी गरज नाही. पुन्हा आरंभी आलो की ३६० अंश झाले, ना एक विकला कमी, ना जास्त. त्यामुळे सगळ्या भागांच्या चुकांची बेरीज शून्यच यावी लागते. चार भावांत पोळी वाटताना एकाला जास्त गेले, तर दुसऱ्याला कमी गेलेच असणार. पोळी तर तेवढीच आहे. या एका गोष्टीच्या जोरावर कारागीर वर्तुळाची परीक्षा वर्तुळावरच घेऊ शकतो.

पितळेवरच्या खुणा काचेवर कशा आल्या ते थोडक्यात सांगतो. १९५० च्या सुमारास जर्मनीत ट्राउनरॉइट येथे हायडेनहाइनच्या कारखान्यात काचेवर क्रोमियमच्या अतिशय बारीक व टिकाऊ रेषा उठविण्याची रीत बसली. डोळ्याची जागा विजेच्या डोळ्याने घेतली. त्यातली खरी गंमत मच्छरदाणीत दिसते. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आले की, मोठमोठ्या काळ्या-पांढऱ्या लाटा दिसू लागतात, आणि एक पदर बोटभर हलविला तर त्या लाटा हातभर पळतात. रेषांच्या दोन जाळ्यांत असेच होते. हे तत्त्व लॉर्ड रॅली याने १८७४ सालीच ओळखले होते. १९५० च्या दशकात एडिंबरोच्या फेरांटी कारखान्याने ते यंत्रांच्या टेबलांची जागा मोजण्याकरिता वापरले. रेष डोळ्यांना दिसत नाही, पण लाट मोजता येते.

लाट आली की बारकाई जवळजवळ फुकट मिळते. प्रकाश एकदम लागत-विझत नाही, तो हळूहळू चढतो आणि उतरतो. पाव लाटेच्या अंतरावर दुसरा विजेचा डोळा ठेवला तर टेबल पुढे चालले की मागे हे कळते आणि एका रेषेचे चार भाग होतात. दोन्ही डोळ्यांच्या चढउतारांचे गुणोत्तर काढले तर चारचे चारशे, चार हजारही भाग करता येतात. मात्र त्यासाठी दोन्ही डोळे सारखेच तेज पाहणारे, त्यांच्यातले अंतर बरोबर पाव लाटेचे, आणि काळोख म्हणजे पूर्ण काळोख असायला हवा. काचेवर तेलाचा एक ओघळ आला तरी यांतले काहीतरी बिघडते, आणि प्रत्येक रेषेगणिक तीच छोटी चूक पुनःपुन्हा येत राहते. पीटर हायडेमान याने १९८१ साली ही चूक गणिताने शोधून दुरुस्त करण्याची रीत दिली. दोन्ही संकेत एकमेकांविरुद्ध कागदावर काढले तर गोल वर्तुळ यायला हवे. चूक असेल तर लंबवर्तुळ येते. त्या लंबवर्तुळाचा आकार घ्यावा आणि उलट हिशेब करून ते पुन्हा गोल करावे. पुन्हा वर्तुळच!

आता माझ्या चौकशीकडे येतो. तीन आठवडे वाचल्यानंतर मला कळले की, मी चुकीच्या ठिकाणी बोट ठेवीत होतो. काचेची पट्टी चांगली होती, अंकदर्शकही चांगला होता. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आब्बे याने १८९० साली सांगून ठेविले होते की, ज्या रेषेवर माप हवे त्याच रेषेवर मापपट्टी असली पाहिजे. आमच्या यंत्रावर पट्टी होती टेबलाच्या खालच्या अंगाला आणि हत्यार होते तिच्यावर तीनशे मिलिमीटर. टेबल सरकताना जरासे जरी खाली डोकावले, तर पट्टीला त्याचा पत्ता लागत नाही; जॉब मात्र वर सरकतो.

मी यंत्राची पाणसळ मागितली. तिच्या नळीवरचे एक घर म्हणजे मीटरमागे दोन शतांश मिलिमीटरचा उतार. टेबल या टोकापासून त्या टोकाला नेले आणि बुडबुडा पाच घरे सरकला. टेबलाचे गिब ढिले झाले होते. पाच घरे म्हणजे मीटरमागे एक दशांश मिलिमीटर. तीनशे मिलिमीटरांवर त्याचे तीन शतांश. आरोपपत्रात लिहिलेला आकडा तोच होता. चौकशी अधिकाऱ्यांनी तो हिशेब आपल्या हाताने दोनदा करून पाहिला. गिब कसण्याची मागणी त्या कामगाराने देखभालीच्या वहीत दोन महिन्यांपूर्वीच लिहिली होती, हे त्यानंतर निघाले. आरोपपत्र मागे घेण्यात आले. निलंबनाच्या दिवसांचा पगार मात्र मिळाला नाही, आणि त्यासाठी लढावे एवढी ताकद त्या वेळी आमच्यात नव्हती.

पुण्याचा या विद्येशी संबंध कारखान्यांपुरताच नाही. १८८८ साली येथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. भावनगरच्या महाराजांनी देणगी दिली होती. तेथे डब्लिनच्या ग्रबने केलेली वीस इंची परावर्तक दुर्बीण होती. १८९८ सालचे खग्रास सूर्यग्रहण नायगमवालांनी करमाळ्याजवळच्या जेऊरहून पाहिले. ते निवृत्त झाल्यावर १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. आपल्या शहराने ती जाऊ दिली.

ती उणीव पुढे नारायणगावजवळ खोडदला भरून निघाली. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण बांधली. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती जगाला अर्पण झाली. गोविंद स्वरूप २०२० साली पुण्यात वारले. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरल्यामुळे वारा तिच्यातून निघून जातो आणि तबकडी हलकी व स्वस्त होते. प्रत्येक तबकडी दोन आसांवर फिरते, आणि आस किती फिरला हे सांगण्यासाठी मूळ रचनेत १७ बिटांची प्रकाशीय चकती आहे. म्हणजे वर्तुळाचे १,३१,०७२ वाटे. एक वाटा सुमारे दहा विकलांचा.

या चकतीवर साध्या रेषा नसतात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची वर्तुळे एकात एक असतात आणि चकती कोठेही थांबली तरी पट्ट्यांवरून तिची जागा वाचता येते. वीज जाऊन परत आली तरी पहिल्यापासून मोजावे लागत नाही. साध्या द्विमान पद्धतीत सातावरून आठावर जाताना चार अंक एकदम बदलतात आणि त्यांतला एखादा निमिषभर मागे राहिला तरी भलतीच संख्या वाचली जाते. बेल प्रयोगशाळेतल्या फ्रँक ग्रे याने अशी मांडणी दिली की, शेजारच्या दोन संख्यांत एकच अंक बदलतो. १९४७ साली त्याने अर्ज केला, १९५३ साली पेटंट मिळाले. निमिषभराची चूक झालीच तर ती एका वाट्याची.

काही वर्षांपूर्वी, विज्ञान दिनाला खोडद सर्वांना खुले असते त्या दिवशी, मी त्या मिलिंगवाल्या कामगाराला घेऊन तेथे गेलो. तो आता निवृत्त झाला आहे. जुन्नर-आंबेगावची शाळकरी मुले, शेतकरी, त्यांच्या बायका अशी जत्रा भरली होती. तबकडी फिरू लागली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजविल्या. याने टाळ्या वाजविल्या नाहीत. माहिती सांगणाऱ्या तरुणाला त्याने विचारले, "साहेब, चकती खाली आसाला आहे आणि तुमचा केंद्रबिंदू पार वर. मधले एवढे लोखंड वाकत असेल, उन्हाने तापत असेल, ते चकतीला कसे कळते?"

तो तरुण थांबला. मग म्हणाला, "चकतीला कळत नाही. म्हणून आम्ही आकाशातल्या ज्या स्रोतांच्या जागा पक्क्या माहीत आहेत, त्यांच्याकडे तबकडी रोखतो. चकती काय म्हणते आणि स्रोत कोठे सापडतो, यांतला फरक प्रत्येक तबकडीसाठी निराळा काढून ठेवतो आणि पुढच्या वेळी तेवढा वजा करतो." एकवीस सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर एका तबकडीला आकाशाचा सुमारे चोवीस कलांचा तुकडा दिसतो, तेव्हा नेम एका कलेच्या आसपास राहिला तरी काम भागते, असेही त्याने सांगितले. आणि मग त्याने आमच्या गृहस्थांना विचारले, "आपण कोठे काम करीत होता?"

यांनी कारखान्याचे नाव सांगितले नाही. "मिलिंगवर होतो," एवढेच म्हणाले, आणि तबकडीखालच्या दातेरी चक्राला वंगण कोठून देतात ते पाहायला पुढे गेले.